तुरा सरांकडे

आमची इमारत पाडायला दिली आहे, हे बाबाने तुम्हाला सांगितलंच असेल. नवी उभी राहीपर्यंत मला मुलुंडला भाड्याच्या घरात राहायचं आहे. त्या घराला माळा नाही. पार्ल्याच्या या घराला आहे, आणि त्यावर माझं गवत आहे. आता त्याचं काय करायचं, हे ठरवणं भाग होतं.

गवत म्हणजे खरंच गवत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे, आणि रविवारी तुमच्या आजोबांना घेऊन मरोळला जात असे. तिथे कारखान्यांच्या वसाहतीमागे टेकडीचा एक उतार होता. रोप मुळासकट काढायचं, माती झटकायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, वर फळी ठेवून पट्टे आवळायचे, आणि रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात काही वाळत नसे, म्हणून आजोबांनी फ्रिजच्या मागे, गरम हवा येते तिथे, एक फळी ठोकून दिली होती. लोक फ्रिजमध्ये भाजी ठेवतात, आमच्या फ्रिजच्या मागेही ठेवलेली असते, असं ते पाहुण्यांना सांगत.

साताऱ्याकडच्या एका गावात शाळेत शिकवणारे एक सर होते. तेही गवत जमवायचे. एका निसर्गमंडळाच्या छोट्या पत्रिकेत त्यांनी पत्ता दिला होता, मी लिहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं आणि रोपं पाठवत राहिलो. ते मला ‘ताई’ लिहायचे, मी त्यांना ‘सर’. भेट कधीच झाली नाही. ते मुंबईला येत नसत, आणि गवत ज्या दिवसांत काढायचं, त्या दिवसांत मला मरोळ सोडवत नसे.

ही रीत आमची नव्हे. मी शिकत असताना आमच्या बाईंनी सांगितलं होतं, की जुने निसर्गअभ्यासक समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांना अशीच वाळवलेली रोपं पाठवत. एक प्रत आपल्याकडे, एक त्याच्याकडे. एका घराला आग लागली, तर दुसऱ्या घरात राहावी. आणि दोन्हींतली चांगली प्रत त्याची. पाहुण्याला आपण करपलेली पोळी वाढत नाही, तसं. मी ते तंतोतंत पाळलं, सरांनीही पाळलं.

गवतात चांगली प्रत म्हणजे तुरा असलेली. पानांवरून गवत ओळखू येत नाही, सगळी पानं सारखीच. मारवेल, पवन्या, कुसळी अशी नेहमीची गवतं भरपूर मिळत, त्यांचे तुरे दोघांनाही पुरत. पण मरोळच्या उतारावर, एका जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला, एक गवत होतं, ते मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. त्याला तुरा क्वचित यायचा. आला, की मी ते रोप सरांना पाठवायचे आणि बिनतुऱ्याचं माझ्याकडे ठेवायचे. माझ्या रोपाच्या कागदावर चिठ्ठी चिकटवून लिहायचे, ‘तुरा सरांकडे.’ त्यांचं पत्र आलं होतं: ‘ताई, असा तुरा माझ्या एकाही पुस्तकात नाही. हे कोणा जाणत्याला दाखवायला हवं. मी कपाटात जपून ठेवतो.’ दाखवायचं राहून गेलं. त्यांची शाळा, माझं कॉलेज, तुमच्या बाबाची दहावी. मग सर गेले.

घर सोडायचं ठरल्यावर मी एका संशोधन संस्थेला कळवलं. तिथली एक मुलगी आली. तुमच्यापेक्षा थोडी मोठी असेल. दिवसभर जमिनीवर बसून तिने एकेक कागद पाहिला. सरांनी पाठवलेले सगळे कागद तिने बाजूला काढले. “हे झकास आहेत, आजी. हे आम्ही नेऊ.” मग माझ्या मरोळच्या कागदांकडे आली आणि त्यातला एक उजेडाला धरला.

“आजी, याचा तुरा कुठाय?”

“चिठ्ठीवर लिहिलंय गं. सरांकडे.”

“मग तो मिळवा ना. बाकी सगळं पाहता ही नवीन जात वाटतेय. पण तुऱ्याशिवाय मी काहीच म्हणू शकत नाही.”

सरांचं पत्र मी तिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. “पत्रावरून नाव देता येत नाही,” ती म्हणाली. जागा विचारली. ‘मरोळ, विहिरीच्या वर’ या जागेवर आता मोठी सोसायटी आहे, पार्किंगच्या कडेने विकत आणलेली हिरवळ लावली आहे. आम्ही दोघी रिक्षाने जाऊन आलो. वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय. आम्ही तीच रिक्षा परत वळवायला सांगितली.

म्हणून सगळं सरांच्या कपाटावर येऊन थांबलं. मी त्यांच्या घरी फोन केला. मुलाने उचलला. त्याने मला लगेच ओळखलं.

“पार्ल्याच्या ताई ना? नाना तुमची पाकिटं आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.”

मी कपाटाचं विचारलं.

“ते गवत होय? नाना गेल्यावर आई दरवर्षी त्यात डांबराच्या गोळ्या ठेवायची. काय आहे ते तिलाबी माहीत नव्हतं, पण ठेवायची. ती गेली, मग खोली रिकामी केली आम्ही. कागद रद्दीत दिले.”

“आणि गवत?”

“म्हशीपुढं टाकलं. पण गोळ्यांचा वास ना, तिनं तोंड लावलं नाही. मग पाणी तापवायला बंबाला घातलं.” आणि त्यानेच विचारलं, “काय महत्त्वाचं होतं का, ताई?”

मी म्हणाले, नाही, सहज विचारलं. त्याच्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला. घराला आग लागण्याची भीती होती, म्हणून ती दोन प्रतींची रीत होती. बंबाचा विचार कोणी केला नव्हता.

बाबाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आई, निदान एक तरी चांगला ठेवायचास ना स्वतःकडे.” त्याचं बरोबर आहे. पण दुय्यम प्रत पाठवायची असती, तर मी पाठवलीच नसती, आणि सरांनी त्यांचंही चांगलं मला दिलं नसतं. आज त्या संस्थेत सरांचं गवत आहे, त्यांच्या नावाच्या चिठ्ठीसह, तुऱ्यांसकट. त्यांच्या गावचं सगळं माझ्या माळ्यावर वाचलं. माझं मरोळ मी त्यांच्याकडे सुरक्षित ठेवलं होतं.

ती मुलगी माझे कागद न घेता गेली. जाताना पाया पडली, ते मला आवडलं नाही.

ते गवत दुसरीकडे कुठे असेल, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. मी वाकोल्यापासून मुलुंडपर्यंत शोधलं होतं. त्याला नाव नव्हतं, आता पडणारही नाही, आणि ज्याला नाव नाही ते गेलं असंही कुठे लिहिता येत नाही.

गठ्ठे मी मुलुंडला नेते आहे, पलंगाखाली बसतील. पुढे कधीतरी ते तुम्हालाच काढावे लागतील, म्हणून सांगून ठेवते. आधी दोरे कापा. गवत वेगळं करा, रद्दीवाला गवतासकट कागद घेत नाही. मीही डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत, त्या हाताने उचलू नका. आणि जाळू नका, फ्लॅटमध्ये तो वास फार दिवस राहतो.