चारचौघांतली गोळी

आमच्या गावात दारू सोडायची एकच रीत मान्य आहे. गळ्यात तुळशीची माळ घालायची आणि पारावर सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. माळ घालून सोडली तर माणूस सुधारला, गोळी घेऊन सोडली तर तो बायकोच्या मुठीत गेला. माझ्या नवऱ्यानं दोनदा माळ घातली आणि दोन्ही वेळा उतरवली. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. शेवटी मीच त्याला हिंगोलीला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं, ही चालू असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होईल, ओकाऱ्या होतील, छाती धडधडेल, जिवावरही बेतू शकतं. म्हणून गोळी चोरून द्यायची नाही, घेणाऱ्याला माहीत पाहिजे.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी मला चुलीपाशी ओढलं. "वरणात कालवून दे की. गावभर बोभाटा काहून करून राहिली?"

मी तिथंच ठरवलं, बोभाटाच करायचा. पिऊन नालीच्या कडेला पडायचा तेव्हा सगळ्या गावानं बघितलं, मग बरं होताना लपायचं कशाला? सकाळी गिरणीत बाया दळणाचे डबे घेऊन उभ्या असायच्या. त्यांच्यासमोर मी त्याच्या हातावर गोळी ठेवायची आणि पाण्याचा तांब्या पुढं करायची. सुरुवातीला तो मान खाली घालून गिळायचा. एक जण फिसकन हसली, "व्हय गं, लेकराला भरवावं तसं भरवती का?"

"तुझ्या घरच्याला बीपीची गोळी कोण देतं?" मी विचारलं. तिनं डबा पुढं सरकवला.

चुलत सासऱ्यांचं रोज एकच पालुपद. "गोळीवर सोडली ती काय सोडली? मर्दानं मनानं सोडावी." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मनानं सोडायला आधी मन ताब्यात लागतं. ते ताब्यात असतं तर हिंगोलीची एसटी कशाला धरली असती?

थंडीचे दिवस होते. दुपारी जेवून तो गिरणीत गेला आणि थोड्याच वेळात खाली बसला. मी पोचले तर तोंड लालभडक, कपाळावर घाम, श्वास लागलेला. माझ्यासमोरच तो भडभडून ओकला. बघता बघता माणसं जमली.

"प्याला! सांगत न्हवतो?" चुलत सासरे पुढं झाले. "गोळ्या बंद आता. उद्याच माळ घाला त्याला."

माझं डोकंच फिरलं. पदर सावरायचंही भान राहिलं नाही. "प्याले असतील न्हाईतर नसतील, आधी गाडी आणा! छातीत दुखून राहिलेल्या माणसाला तुमी विचारता का, तंबाखू खाल्ली व्हती का म्हणून?" थोरल्या माणसाला मी असं पहिल्यांदाच बोलले, आणि अजूनही मला त्याची लाज वाटत नाही.

समोरच्या किराणा दुकानातल्या चाचांनी टेम्पो काढला. सासूबाईही चढल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आज पोटात काय काय गेलं? सासूबाई तोंडात पदर धरून म्हणाल्या, "दारू न्हाई हो साहेब. मी द्राक्षासव पाजलं, दोन झाकणं. भूक लागत नव्हती लेकराला."

आमच्या घरी दर थंडीत द्राक्षासवाची बाटली येते. बाळंतिणीलाही देतात. ती दारू आहे असं आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. डॉक्टर म्हणाले, आसव मुरताना त्यात आपोआप दारू तयार होते, आणि या गोळीला तेवढी पुरते. सासूबाईंवर मला रागावता आलं नाही. आईनं पोराला ताकदीचं औषध पाजलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटलं. सलाईन चालू होती. त्यानं हळूच विचारलं, "तुला ठाऊक व्हतं ना, मी घेतली न्हाई म्हणून?"

"न्हाई," मी म्हटलं. "मला बी वाटलं, प्यालात."

"मग एवढी भांडलीस काहून?"

"तुमी प्याला असता तरी भांडले असते. तरी इथंच आणलं असतं, अन् डॉक्टर व्हय म्हणाले की परत गोळीच दिली असती."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. वॉर्डातली माणसं आमच्याकडं बघत होती. बघू देत. मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं.

"इकडं बघून रडा," मी म्हटलं.