दोरीची मोटार

महिनाभर आमच्या घरी एकाच गोष्टीवरून भांडण चाललं होतं. डोंग्याची जुनी मोटार खोलून दुरुस्त करायची, की नवी घ्यायची? आमचे हे धरणावर डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरतात. मोटार पंधरा वर्षांची, दोरी ओढून चालू करायची. ती एकदा भर पाण्यात बंद पडली आणि हे वाऱ्याबरोबर वाहत पार पलीकडच्या काठाला लागले. चार तास मी अलीकडे उभी. डोंगा दिसेना, फोन लागेना. माणूस गेला असंच मी धरून चालले होते. त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं, ही मोटार नको.

"मोटारले काई नाई झालं," हे म्हणायचे. "रिंगा घासल्या. पिस्टन बदलला का नव्यासारखी होते."

"अन् पुन्हा बंद पडली तं?"

"नवीन म्हणजे बटनाची. बॅटरी बसली का संपलं. दोरी ते दोरीच."

असा हेका. अंगणवाडीत मी तीस पोरं सांभाळते, पण या एका माणसापुढे हात टेकले.

शेवटी मोटार कारंज्याला नेली. तिथला मेकॅनिक कपाशीवर फवारायचे पेट्रोल पंप दुरुस्त करतो, आमच्या मोटारीही तोच पाहतो. त्याने कूलरच्या टाकीत पाणी भरून मोटार त्यात उभी केली आणि दोरी ओढली. एका झटक्यात चालू. बंद करून पुन्हा ओढली, पुन्हा चालू.

"वयनी, रिंगा बदलू. अजून दोन-तीन वर्षं कुठं नाई जात."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी निवडणूकच जिंकली. माझं डोकं फिरलं.

"टाकीतलं नका सांगू मले," मी म्हटलं. "उद्या धरणाच्या मधात जाऊ. मी बसतो डोंग्यात. बंद करा अन् चालू करून दाखवा. झाली तं खुशाल दुरुस्त करा, मी तोंड नाई उघडत."

मला पोहता येत नाही. रागात तेही विसरले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक धरणावर आला. त्यानेच मोटार बसवली, चालू करून दिली आणि काठावर थांबला. मधोमध गेल्यावर यांनी ती बंद केली. एका बाजूला बुडीत झाडांची खोडं पाण्यातून टोकं काढून उभी होती. वारा डोंग्याला तिकडेच ढकलायला लागला.

यांनी दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. नऊपर्यंत मी मोजलं, मग मोजणं सोडून खोडांकडे पाहायला लागले.

"जोरानं ओढा ना."

"ओढूनच राह्यलो."

तेव्हा मी नीट पाहिलं. दोरी अर्धीच बाहेर येत होती. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. पुढच्या खेपेला दोरी हातातून सुटली, आणि यांनी डाव्या हाताने उजवा खांदा गच्च धरला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"सरका," मी म्हटलं.

मी गुडघ्यांवर सरकत मागे मोटारीपाशी गेले. डोंगा हलत होता, जीव नुसता मुठीत. पाय टेकवला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मोटार धडधडत चालू झाली. यांनी डाव्या हाताने मोटारीचा दांडा फिरवला. खोडं हातभर अंतरावरून मागे गेली.

मी यांच्या खांद्याला हात लावला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन महिने झाले. हात वरच नाई होत. काठावर कोणी ना कोणी दोरी ओढून देते."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू पाण्यात जाऊ देलं असतं का? अन् बटनाची घेतली का हात गेला हे मानल्यासारखंच."

मला रडू आलं, आणि रागही तितकाच आला. मग यांनी सगळं सांगितलं: वाहत गेले त्या दिवशीही मोटार बंद पडली नव्हती, जाळं ओढायला यांनीच थांबवली होती आणि मग दोरी ओढवली नव्हती. आणि महिनाभर मी त्या लोखंडाला शिव्या देत होते.

काठाला लागलो. मेकॅनिक पाण्यात उतरून आला. "काय झालं वयनी? झाली ना चालू?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"झाली भाऊ, पण पंधरा-वीस झटक्यांनी," मी म्हटलं. "मोटार कामातून गेली. बटनाची पाहा."

त्याला पटेना. त्याने यांना विचारलं, "तुमी सांगा दादा. खरंच गेली का?"

त्या मोटारीसाठी महिनाभर माझ्याशी भांडलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "हो. गेली."