पायलटच्या घरची थ्री फेज

आमच्या गल्लीत वहिनी म्हटलं की ती एकच, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारी. तिचे सख्खे थोरले दीर भिंतीला भिंत लावून राहायचे, पण वहिनी ती अख्ख्या गल्लीची. माझी मुलंसुद्धा तिला वहिनीच म्हणायची. आवाज असा खणखणीत, की हॉर्न बिघडला तरी तिचं अडायचं नाही.

व्हॅन मुळात तिच्या नवऱ्याची. त्याला सगळे पायलट म्हणायचे, कारण निघताना मागे वळून तो मुलांना सांगायचा, "घट्ट धरा, उड्डाण करतोय." एका सकाळी पाण्याच्या टाकीचा नळ बदलताना तो पत्र्यावरून घसरला आणि पाठीवर आपटला. कमरेखालचं सगळं बधिर झालं. इस्पितळातून चाकाच्या खुर्चीत घरी आला त्याच दिवशी थोरल्यांनी चारचौघांत निकाल देऊन टाकला, "आता ती व्हॅन विका. उभी राहून गंजेल."

"गंजेल कशानं?" वहिनी म्हणाली. "मी चालवीन."

तोवर तिनं सायकलही चालवली नव्हती. लोक तोंडावर हसले. शिकताना तिनं एकाचं कुंपण आडवं केलं आणि दुसऱ्याच्या फाटकाला पोचा पाडला, पण दोन्ही स्वतः उभी राहून दुरुस्त करून दिली. पुढं शाळा उघडली तेव्हा मुलांच्या आया आपणहून तिच्या दारात आल्या.

खरा प्रश्न घराचा होता. वडिलांच्या जागेचे दोन तुकडे झाले, तेव्हा रस्त्याकडचा रुंद भाग थोरल्यांनी घेतला. मागचा चिंचोळा पट्टा पायलटच्या वाट्याला आला. तिथं जायला बाजूनं एक बोळ होता, नगरपालिकेचा, व्हॅन जेमतेम जाईल एवढा. पट्ट्यावर पुढं व्हॅन उभी राहायची आणि मागं एक खोली. तिला खिडकी नव्हती. दिवसाही दिवा लावावा लागायचा. पायलट त्या खोलीत पडून छताकडे बघत राहायचा. बोलका माणूस, पण हळूहळू मिटत चालला होता.

एकदा वहिनी दुपारी मुलांना सोडून आली, तर त्यानं विचारलं, "बाहेर ऊन आहे का गं?"

ती मला नंतर म्हणाली, "भर दुपारी ज्याला ऊन आहे का ते विचारावं लागतं, त्याला मी त्या खोलीत ठेवणार नाही. वर बांधणार. मोठी खिडकी काढणार, भाऊजींच्या बैठ्या घरावरून थेट रस्ता दिसेल अशी."

"आणि तो वर जाणार कसा?" मी विचारलं.

"लिफ्टनं."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं गंमत करतेय. पण पुढच्याच आठवड्यात गवंडी आला. भिंती चढायला लागल्या तसा थोरल्यांचा पारा चढला. त्यांचा त्या पट्ट्यावर कधीचा डोळा होता, मुलाच्या दुकानाचं गोदाम करायला. ते बोळात उभे राहून ओरडले, "ज्याला धड बसता येत नाही त्याला माडीवर चढवणार? अक्कल गहाण टाकलीय का?"

"तुमच्याकडे नाही ना टाकली?" वहिनीनं गवंड्याला पाण्याची बादली देत म्हटलं. "मग झालं."

लिफ्टवाला मापं घ्यायला आला आणि मीटरपाशीच थांबला. घरातलं विजेचं कनेक्शन जुनं, सिंगल फेजचं होतं, दिवे-पंख्यापुरतं. त्यानं मान हलवली. "ताई, मी आणतोय ते मशीन यावर ओढणार नाही. थ्री फेज घ्या. लोड वाढवून मागा."

वहिनीनं अर्ज केला. वीज कार्यालयातून उत्तर आलं की जाड केबल खांबावरून थोरल्यांच्या भिंतीला धरून न्यावी लागेल, तेव्हा त्यांची लेखी संमती आणा. ती गेली त्यांच्याकडे. थोरले खुर्चीत रेलून म्हणाले, "देतो की. वरची खोली उतरवा, लगेच सही करतो."

"खोली उतरवल्यावर मी लाइन घेऊन काय वाळत घालू?" असं म्हणून ती उठली.

भिंत नको तर जमीन, असं तिनं ठरवलं. खांब थोरल्यांच्या कोपऱ्यावर असला तरी उभा बोळात होता. बोळाखालून चर खणून केबल नेता येईल का, हे तिनं कार्यालयात विचारलं. येईल म्हणाले, पण पाहणी होऊन मंजुरी लागेल. मग सुरू झाली टोलवाटोलवी. पाहणीला येणारे रजेवर. ते आले तर गाडी नाही. गाडी आली तर कागद दुसऱ्या टेबलावर. सकाळची फेरी आटोपली की वहिनी व्हॅन घेऊन तिकडेच जायची. शेवटी खिडकीतल्या कारकुनानं नवाच खो घातला, "कनेक्शन तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे. साहेबांसमोर सही त्यांनाच करावी लागेल. त्याशिवाय फाइल हलणार नाही."

"ते चालू शकत नाहीत."

"मग आम्ही काय करणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं पायलटला दाढी करायला लावली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि व्हॅनमधून घेऊन गेली. मदतीला मी होतो. तिथं पोचलो आणि बघतो तर साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर. अरुंद जिना, मध्येच वळण.

शिपाई म्हणाला, "चौघं बोलावतो. उचलून नेऊ वर."

मी पुढं झालो होतो. तेवढ्यात पायलट बोलला. कित्येक महिन्यांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "कोणी हात लावायचा नाही. मी सिमेंटचं पोतं नाहीये. साहेबांना सांगा, अर्जदार खाली आलाय."

"साहेब असे खाली येत नसतात," शिपाई म्हणाला.

"मग मी असा वर जात नसतो." पायलटनं खुर्ची जिन्याच्या अगदी तोंडाशी नेली आणि चाकाला ब्रेक लावला.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मला खुणेनं मागं राहायला सांगितलं आणि स्वतः पायरीवर बसली. वर जाणाऱ्यांना अंग चोरून जावं लागत होतं. काहीजण कुरकुरले. एका म्हातारबुवांनी मात्र चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि वर न जाता तेही पायरीवर टेकले. कारकून येऊन समजावून गेला, मग दरडावून गेला. वहिनी म्हणाली, "भाऊ, सही ह्यांचीच हवी हे तुम्हीच सांगितलंत. हे आलेत. आता राहिलेत ते तुमचे साहेब."

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास साहेब उतरले. रागानं लाल झालेले. "काय तमाशा लावलाय? आणि घरात लिफ्ट हवी कशाला? खाली राहता येत नाही?"

पायलट म्हणाला, "राहतोय ना. दोन वर्षं राहतोय. तुम्ही एक दिवस या आमच्या खोलीत, दिवा बंद करून बसा. मग विचारा."

साहेबांनी पायऱ्यांकडे पाहिलं. म्हातारबुवा त्यांच्याकडे टक लावून बघत होते, पायऱ्यांवरचे बाकीचेही. साहेबांनी कारकुनाकडून फाइल मागवली. पायलटनं मांडीवर ठेवून सही केली. साहेबांनीही तिथंच भिंतीला कागद टेकवून शेरा मारला. "उद्या माणूस येईल पाहणीला," ते म्हणाले आणि कोणाकडे न बघता वर गेले.

परतताना पायलट पुढच्या सीटवर होता. वहिनीला म्हणाला, "वळणावर क्लच उशिरा दाबतेस."

"बोललात एकदाचे!" वहिनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. व्हॅन मात्र तिनं थांबवली नाही.

माणूस खरंच आला. बोळ खणायची परवानगीही मिळाली. ठेकेदाराचे मजूर कुदळी घेऊन आले, तेव्हा थोरले बरोबर चरासाठी आखलेल्या रेषेवर खुर्ची टाकून बसलेले. "माझ्या दारापुढं कोणी खणायचं नाही."

मजूर थबकले. वहिनीनं एकाच्या हातातली कुदळ घेतली आणि त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पहिला घाव घातला. "भाऊजी, दार तुमचं, बोळ सगळ्यांचा. तुमच्या दाराशी फळी टाकून देते, जाण्यायेण्याची गैरसोय होणार नाही. पण बसायचंच असेल तर पाय वर घ्या."

थोरल्यांनी पाय वर घेतले. थोड्या वेळानं खुर्चीही उचलली. मजुरांबरोबर वहिनीही खणत राहिली. चर पुढं सरकला, वाळू अंथरली, केबल पडली, वर विटा ठेवल्या आणि माती ओढली. नवा मीटर बसला. वायरमननं तिन्ही फेज तपासून अंगठा वर केला, तेव्हा वहिनी ओल्या मातीवर मटकन बसली. तिच्या तळहातांवर फोड आले होते.

लिफ्ट म्हणजे खुर्ची मावेल एवढा पिंजरा. पायलट पहिल्यांदा वर गेला तो एकटाच, कोणाला बरोबर येऊ दिलं नाही. आम्ही जिन्यानं पळत वर पोचलो. तो खिडकीशी जाऊन बसला होता. मांडीवर ऊन पडलं होतं आणि तो खाली रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याला ओरडून सांगत होता, "अरे, मागच्या चाकात हवा कमी आहे तुझ्या!"

थोरले आजतागायत वर आलेले नाहीत. त्यांची बायको, वहिनीची थोरली जाऊ, गुडघ्यांनी बेजार आहे. ती मात्र रोज दुपारी लिफ्टनं वर येते आणि खिडकीशी दिराशेजारी बसून गल्लीची उणीदुणी काढते. थोरले खालून हाका मारतात, "किती वेळ? चहा कोण करणार?"

परवा वहिनीनंच खिडकीतून उत्तर दिलं, "चहा इथं ठेवलाय, भाऊजी. लिफ्ट चालत नसेल तर जिनाही आहे."

ते आले नाहीत. जाऊबाईही उठल्या नाहीत.