दादाचा ख

माझा थोरला भाऊ टाइपरायटरच्या कारखान्यात अक्षरं काढायचा. लिहायचा नाही, काढायचा. त्या यंत्राचा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच सरकतो, म्हणून सडपातळ र असो नाहीतर ढेरपोट्या ज्ञ, जागा सगळ्यांना सारखी. मी म्हणायचे, "दादा, आपल्या घरात लेकीसुनांना असं माप मिळालं असतं तर?" कागदावरून मान न उचलता तो म्हणायचा, "तू एकटीच दोघींची जागा खातेस, गप बस."

त्याची अक्षरं जाडजूड, एकसारख्या रेघेची. टोकाला ना शेपटी, ना नक्षी. पाटीवाल्यांनी, छापखान्यांनीही ती उचलली; दवाखान्याच्या दारांवर, औषधाच्या बाटल्यांवर, धोक्याच्या पाट्यांवर तीच लागायची. माझी अक्षरओळख बेताची, पण ती मलासुद्धा लांबून वाचता यायची. पोटची पोरं झाली नाहीत. हीच त्याची पोरं.

सुरुवात झाली वहिनीमुळे. लग्न नवं असताना दादानं डब्यावर हातानं 'रवा' लिहिलं. संध्याकाळी बघतो तर डब्यात खड्डा. वहिनी म्हणाली, "अहो, तुम्हीच लिहिलंय ना, 'खा'! नवऱ्याचं ऐकायचं म्हणून कोरडा गिळला." आम्ही हसून लोळलो. दादा मात्र पेन्सिल घेऊन बसला. र आणि व आपापल्या चौकटीत, मध्ये मोकळी हवा. ख एकाच चौकटीत, त्याचे पाय खाली जोडलेले. म्हणाला, "आता आंधळ्यानंही चुकू नये."

नको ते बोलून गेला. म्हातारपणी वहिनीचीच नजर विझत चालली. दादा तिच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या जाड करत गेला. फार जाड केलं की अक्षरांची पोटं बुजतात, ब आणि व जुळे भाऊ दिसायला लागतात. मग तो आतून कोरून पोट मोकळं करायचा. "अरे, मी वाचून दाखवते की वहिनीला," मी म्हणाले, तर वहिनीच फणकारली, "कुणी वाचून दाखवायचं नाही. दिसतंय तोवर माझं मी वाचेन."

पुढे तिनं अन्नच सोडलं. दादानं आजवरचं सगळ्यांत जाड 'खा' काढलं, पेजेच्या वाटीला चिकटवलं आणि तिच्यासमोर धरलं. तिनं वाटी डोळ्यांपाशी नेली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "रवा."

आणि वाटी खाली ठेवली. त्याच आठवड्यात ती गेली.

माणसं पांगल्यावर दादानं मला विचारलं, "चेष्टा केली, का तिला दिसलंच नाही गं?"

"चेष्टाच रे. ओठांत हसली होती की."

"हसली?" तो म्हणाला. "मी अक्षराकडे बघत होतो."

अजून तो ख काढतोच आहे. भिंतीला कागद लावतो, मला दारात उभी करतो.

"काय दिसतं?"

"ख."

"नीट बघ," म्हणतो, आणि खोडरबर शोधायला लागतो.