खुणेच्या पुढे

निपाणीची धनलक्ष्मी येलहंक्याजवळच्या तबेल्यात घोडी शिकवायची आणि सिनेमात नायिकांच्या जागी उड्या मारायची. काही वर्षांपूर्वी शूटिंगमध्ये खोगिराचा तंग, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, सुटला आणि तिचं कंबरडं मोडलं. तंग तपासणं हे फाइटमास्तर श्रीहर्षचं काम. हा बेळगावचा, तिच्याच भाषेचा. पण "बाई पिऊन आली होती," असं त्यानं निर्मात्याला सांगितलं. मग तिला कुणी बोलावलं नाही.

यंदा दिग्दर्शिका हर्षितानं नायिकेच्या जागी घोड्यावर बसायला बोलावलं. कन्नडमधला काउबॉय सिनेमा. विधवा नायिका नवऱ्याच्या मारेकऱ्याला घोड्यामागे फरफटवते. मारेकऱ्याचं काम श्रीहर्षच करतोय हे कळताच धनलक्ष्मी 'हो' म्हणाली.

कथेत तोच मारेकरी विधवेच्या आंधळ्या सासूला भाकरी नेऊन द्यायचा. धनलक्ष्मीला ते रुचेना. "हलकटाला एवढं माणूसपण कशाला?"

"माणूसच नसेल तर सूड कुणावर उगवायचा, अक्का?" हर्षिता म्हणाली.

शॉटच्या आधी श्रीहर्षनं स्वतः येऊन तंग ओढून पाहिला.

"त्या दिवशी का नाही बघितलास?"

"पोरगी दवाखान्यात होती, ध्यान नव्हतं." त्याचा आवाज खाली गेला. "खरं सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं."

"म्हणून माझं घालवलंस."

त्याच्या कमरेला दोर बांधला गेला.

भुसभुशीत माती लाल झेंड्यापर्यंतच होती, पुढे गोटे. धनलक्ष्मीनं घोडा सोडला. झेंडा मागे पडला. "धना, पुरे," मागून श्रीहर्षची हाक आली. तिनं ऐकली आणि टाच मारली. थांबली तेव्हा त्याची बाही फाटली होती, कोपर सोलवटून निघालं होतं. माणसं धावत आली. ती खाली उतरली नाही.

"सांग यांना. मी प्याले होते?"

घोडा हलला, दोर ताणला गेला.

"नाही. तंग मी बघितला नव्हता."

"कन्नडमध्ये सांग. सगळ्यांना कळू दे."

त्यानं सांगितलं.

हर्षितानं त्याला दवाखान्यात पाठवलं आणि धनलक्ष्मीला सिनेमातून काढलं. "हे मला चालणार नाही, अक्का."

"सरी, ठीक आहे," धनलक्ष्मी म्हणाली. तिला पश्चात्ताप नव्हता.

पुढे तिला दोन कामं चालून आली. एकासाठी तिचं नाव श्रीहर्षनं सुचवलं होतं. तिनं दुसरं घेतलं.