धुरकऱ्याचा शर्ट

माझा नवरा धुरकरी होता. आमच्याकडे हिवाळ्यात शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि जोडीमागच्या हलक्या गाडीवर बसून जो ती हाकतो तो धुरकरी. बसून म्हणायचं आपलं, खरं तर लटकून. त्या गाडीला धरायला काही नसतं. दोन चाकं, मधे जेमतेम माणूस टेकेल एवढं लाकूड आणि तोंडासमोर दोन शेपट्या. बैल सुटले की मागचा माणूस जगतोय की मरतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बैलांना मी दोष देत नाही. माणसांनाही ते देणंघेणं नव्हतंच.

मध्यंतरी काही वर्षं पटांवर बंदी होती. माझ्या संसारातली तीच सगळ्यात बरी वर्षं. तेव्हा तो टेम्पो चालवायचा, जिनिंगमध्ये कापूस पोचवायचा आणि घरी येऊन धड अंगाने जेवायला बसायचा. चेहरा मात्र सुतकी. बंदी उठल्याची बातमी आली त्या दिवशी त्याने गल्लीभर पेढे वाटले. बोरगाव मेघेच्या आमच्या दोन खोल्यांत इतका आनंद लग्नानंतर पहिल्यांदाच शिरला होता, आणि मी एकटी तोंड पाडून शिवणयंत्रावर बसले होते.

“काऊन व, कोणी मेलं का?” त्याने विचारलं.

“अजून नाई,” मी म्हटलं. माझं तोंड आधीपासूनच असं फटकळ आहे.

या कामाला पगार नाही आणि मजुरीही नाही. पटाच्या सकाळी जोडीचा मालक धुरकऱ्याला फेटा बांधतो, हातात नारळ देतो आणि चारचौघांत सांगतो की हा आमचा घरचा माणूस. एकदा घरचा म्हटला की मजुरीची गोष्ट काढायची कशी? मग त्याला मिळते ती ‘खुशी’. जोडी पहिली आली तर मालकाची खुशी मोठी. मागे पडली तर पोटभर जेवण आणि एसटीचं भाडं. किती मिळणार हे आधी विचारणं म्हणजे मालकाचा अपमान. माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात कधी विचारलं नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. मला या अभिमानाची अशी चीड यायची की हातातली कात्री आपटावीशी वाटे.

त्याचे मालक तळेगावचे एक व्यापारी. कापसाचा धंदा, मोठं दुकान, शेती आणि दारात पटाची जोडी. आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो. शेटजी मला सूनबाई म्हणायचे आणि दिवाळीला साडी पाठवायचे. माणूस वाईट नव्हता, उलट बैलांवर त्यांचा खरोखर जीव होता. त्यांच्या जोडीतला म्हातारा पांढरा बैल गेला तेव्हा त्यांनी वाजतगाजत त्याला शेतात पुरलं. घरात सुतक धरलं. तेराव्या दिवशी तेरवी केली, तीनशेक पानं उठली असतील. शेटजींनी डोकं भादरलं. माझ्या नवऱ्यानेही भादरलं. तो चकचकीत डोक्याने घरी आला तेव्हा मी हसून हसून बेजार झाले.

“बाप गेला तेव्हाबी येवढे रडले नव्हते तुमी,” मी त्याला चिडवलं.

“बाप मले घेऊन येवढ्या जोरात धावला नव्हता,” तो म्हणाला. मग आम्ही दोघंही हसलो.

त्या जोडीचा विमा होता. जनावरांचे डॉक्टर महिन्याला घरी येऊन बैलांचे खूर, डोळे, पोट तपासून जायचे. माझ्या नवऱ्याचं पोट तपासायला कोणी यायचं नाही.

बंदी उठल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो गाडीवरून फेकला गेला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. शेटजींच्या माणसांनी त्याला हळद घालून दूध पाजलं, गाडी करून घरी पोचवलं आणि सोबत केळी दिली. दवाखाना मी केला. पुढे कितीतरी दिवस त्याचा हात वर होत नव्हता. शर्टाच्या बाह्यांत त्याचे हात मी घालून द्यायचे, आणि घर माझ्या यंत्रावर चाललं होतं. त्याच दिवसांत मी एका विमा एजंटाला घरी बोलावलं. चांगला बोलका माणूस होता. पोहे खाल्ले, मुलं किती विचारलं, मग विचारलं की साहेब काय करतात?

“पट हाकतात,” मी सांगितलं.

त्याला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याने चहा संपवला आणि बॅग उचलली. दारात म्हणाला, “ताई, बैलाचा निघते. धुरकऱ्याचा नाई निघत.”

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला यंत्रासमोर उभं केलं. देवाची शपथ त्याने याआधी दोनदा मोडली होती, देवावर माझा भरवसा उरला नव्हता. “या मशिनीवर हात ठेवा,” मी म्हटलं. “इच्यावर आपण जेवतो. आता म्हना, गाडीवर बसनार नाई.” त्याने धड असलेला हात यंत्रावर ठेवला आणि म्हटलं. मी त्यावर विश्वास ठेवला. तो पुन्हा टेम्पोवर जाऊ लागला.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी तो म्हणाला, सिंदीले जाऊन राह्यलो, जिनिंगमध्ये कापसाची गंजी लावायची आहे, उशीर होईल. मी डबा दिला. दुपारी मी एका नवरीचं ब्लाऊज शिवत होते तेव्हा फोन आला. ओळखीचाच एक जण होता.

“वयनी, घाबरू नोका. भाऊ कापसाच्या गंजीवरून पडले. पायाले लागलं. दवाखान्यात आणून राह्यलो, तुमी या.”

मी फोनवर हसले. खरंच हसले. मी सिंदी रेल्वे गावची, माझं बालपण जिनिंगच्या भिंतीला लागून गेलं. कापसाच्या गंजीवरून आम्ही पोरी मुद्दाम उड्या मारायचो आणि चौकीदाराच्या शिव्या खायचो. गादीवर पडून पाय मोडणारा माझाच नवरा, असं शेजारणीला सांगत मी रिक्षात बसले.

दवाखान्यात तो बाकावर आडवा होता, छातीपर्यंत चादर. सोबत दोघं जण उभे होते, एकही माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पाय सुजला होता. डॉक्टर तरुण होते, नीट विचारपूस करणारे. कसं लागलं, हे त्यांनी मलाच विचारलं, कारण तो दात आवळून पडला होता. मी सांगितलं, कापसाच्या गंजीवरून पडले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही जरा हसू आलं. आणखी कुठे दुखतंय का, पोटात, छातीत? त्याने मान हलवून नाही म्हटलं. पायाचा फोटो काढला, पायाला पट्टी बांधली आणि त्याला वॉर्डात हलवलं. सोबतचे दोघं चहाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

तो पाणी मागत होता. घाम येत होता, आणि हिवाळा होता. मी फडकं ओलं करून त्याचं तोंड पुसायला घेतलं. कानामागून पुसलं तर फडक्याला गुलाल लागला.

मी थांबले. मग त्याच्या केसांतून बोटं फिरवली. जिनिंगमधून आलेला माणूस दारातच ओळखू येतो. त्याच्या भुवयांत, कानांत, कॉलरच्या आत कापसाचा पिंजा असतो, झटकला तरी दोन दिवस निघत नाही. माझ्या बापाच्या ताटात पिंजा पडायचा. याच्या केसांत तांबडा मुरूम होता. कापसाचा एक तंतू नव्हता. मी चादर ओढली आणि पाहिलं, अंगातला शर्ट त्याचा नव्हता. नवऱ्याचे सगळे शर्ट मी शिवलेले आहेत. हा कोणाचा तरी स्वच्छ, बाजारातून आणलेला शर्ट होता आणि त्याची बटणं घाईत वरखाली लागलेली होती.

“कोठी होते तुमी?”

त्याने चादर पुन्हा वर ओढून घ्यायला हात उचलला.

“मले सांगा. पटावर गेलते ना?”

“शेटजी सोता आले होते,” तो म्हणाला. “फेटा घेऊन. धुरकरी बिमार पडला होता त्यायचा. नाई कसं म्हनू?” मग म्हणाला, “चाक पोटावरून गेलं.”

मी बटणं काढली. पोटावर आडवा काळानिळा पट्टा उमटला होता. हात लावला तर पोट पाटीसारखं कडक.

“डाक्टरनं इचारलं तं नाई काऊन म्हटलं? अहो, नाई काऊन म्हटलं?”

“पोलीस केस झाली असती. पट बंद पडला असता, इतक्या वर्सांनं चालू झाला.” तो थांबून थांबून बोलत होता. “अन् तुले मशिनीची शपथ देल्ली होती.”

मी वॉर्डातून ओरडत पळाले. डॉक्टर आले, त्यांनी पोट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “बाई, आधी सांगायचं होतं,” एवढंच ते म्हणाले आणि धावपळ सुरू झाली. आत रक्त साचलं होतं. ऑपरेशनला नेताना तो मला म्हणाला, “त्या डाव्या बैलाच्या गुडघ्याले लागलं, पाह्यलं का कोनं?” माझ्याशी तो बोललेलं हे शेवटचं वाक्य. त्याला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. तो बाहेर आला तो झाकलेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. बैलाच्या गुडघ्याला खरंच खरचटलं होतं आणि पटावरच्या जनावरांच्या डॉक्टरने जागेवर मलमपट्टी केली होती. पटाला जनावरांचा डॉक्टर हजर ठेवावाच लागतो, नाहीतर परवानगी मिळत नाही. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. माणसासाठीही दवाखान्याची गाडी उभी होती, पण तिच्यातून नेलं असतं तर चार लोकांनी पाहिलं असतं. म्हणून त्याला कोणाच्या तरी जीपमध्ये घातलं, आणि वाटेत कुठेतरी थांबून शर्ट बदलला. जीपमध्ये त्यालाही पढवलं असेल, किंवा त्यानेच सुचवलं असेल. सिंदीची गंजी सुचली कशी, हे मात्र मला नीट कळतं. माझं माहेर त्याच्या जिभेवर होतं.

आम्ही त्याला जाळून आलो त्या दिवशी पटाची अंतिम फेरी होती. शेटजींची जोडी पळाली आणि पहिली आली, गाडीवर दुसरा माणूस होता. शेजारच्या पोरीने मोबाईलवर फोटो पाहिला आणि पटकन मोबाईल पालथा घातला. मी तो तिच्या हातातून घेऊन पाहिला. जोडीच्या गळ्यात हार, सगळ्यांच्या अंगावर गुलाल, शेटजींच्या डोक्यावर फेटा.

तेरवी झाल्यावर शेटजी आले, सोबत त्यांच्या घरच्या बाई. पाकीट आणलं होतं, ते त्यांनी देवापाशी ठेवलं. शेटजी रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. “सूनबाई, आमच्या घरचा मानूस गेला,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग बाईंनी पिशवीतून एक घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. त्याचा शर्ट. मी शिवलेला, निळ्या रेघांचा. धुऊन, नीळ देऊन, कडक इस्त्री केलेला. चाक जिथून गेलं तिथे मी हात फिरवला. कुठे डाग नाही, माती नाही. मागच्या बाजूला दोन टाके तेवढे उसवले होते.

“मी सोताच्या हातानं धुतला,” बाई मायेनं म्हणाल्या.

तिथे मात्र माझं तोंड सुटलं.

“शेटजी, घरचा मानूस होता ना? मंग सुतक धरलं का तुमी?”

शेटजींनी डोळे पुसायचा रुमाल खाली घेतला.

“बैल गेला तं धरलं होतं. डोकं भादरलं होतं. माह्या नवऱ्यानंबी भादरलं होतं तुमच्यासंग. तो गेला तं तुमी गुलाल खेळले.”

“सूनबाई, पट अर्धा टाकून कसं येनार? गावाचा पट होता.”

“मले सूनबाई म्हनू नोका,” मी म्हटलं.

ते उठले. पाकीट त्यांनी नेलं नाही आणि मीही परत केलं नाही, मुलांची फी भरायची होती. याची मला लाज वाटत नाही. शर्ट मी पेटीत ठेवलाय. पोलिसांत जा म्हणून एका वकिलाने सुचवलं होतं, पण साक्षीला उभं कोण राहणार? आजही गावात विचारलं तर लोक सांगतात, तो ना, कापसाच्या गंजीवरून पडला बिचारा.

यंदा दिवाळीनंतर एक नवी सून ब्लाऊज टाकायला आली. हसरी, बडबडी. मापं देता देता म्हणाली की नवऱ्याला शेटजींच्या जोडीवर बसायला मिळालं, मालक फार चांगले आहेत, तिला सूनबाई म्हणतात. मी तिच्या दंडाचं माप घेत होते. टेप तिथेच धरून राहिले.

“तुह्या नवऱ्याचे शर्ट वळखतं का तू?” मी विचारलं.

ती हसली. “वळखतो नं. काऊन?”

“कोनी फोन केला, का तो इथून पडला, तिथून पडला, तं आयकून घेजो. जाऊन पयले आंगातला शर्ट पाह्यजो. त्याचा नसला तं डाक्टरले सांगजो, पोट पाहा म्हना.”

तिचं हसू थांबलं. तिने मागे सरकून टेपमधून हात काढून घेतला, कापड उचललं आणि म्हणाली की ब्लाऊज दुसरीकडे टाकते. मी तिला थांबवलं नाही. ती दारातून बाहेर पडता पडता मी मोठ्याने पुन्हा एकदा सांगितलं, “शर्ट पाह्यजो.”