गळ्यात अडकलेली किळस

कुंभवलीच्या प्रेमलाला खुर्चीवरून उठायचीच धास्ती बसली होती. ती उठली रे उठली की नवरा, कृष्णकांत, सुगंधी फवाऱ्याचा डबा उचलायचा आणि खुर्चीवर, पडद्यावर, हवेत फुसफुस मारायचा. मोगऱ्याचा तो नकली गोड वास घरभर पसरला की प्रेमलाला मळमळायचं.

गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला होता. मुंबईत ऑपरेशन झालं, मग महिनाभर रेडिएशनचा शेक. आजार आटोक्यात आला, असं डॉक्टर म्हणाले; पण लघवी आवरेना. शिंकलं, हसलं, पाण्याची कळशी उचलली, की ठिबकायची. बावन्न वर्षांची, चारचौघांत मिरवलेली बाई दिवसातून दहादा स्वतःचा पदर हुंगून बघायची. जावेने हळदीकुंकवाला बोलावणंच सोडलं, वर म्हणाली, "तुला बसायला त्रास होईल ना, वहिनी!" कॅन्सरपेक्षा त्या गोड बोलण्याचीच प्रेमलाला शिसारी आली.

इस्पितळाने अशा बायकांसाठी मोबाईलवर वर्ग सुरू केला होता. मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आठ जणी पडद्यावर जमायच्या. श्वास, हलके व्यायाम, मन निवांत करणं. शिकवणारी मेघाली तिशीतली, आवाज मऊ.

"डोळे मिटा. हात पोटावर ठेवा, प्रेमाने. आता मोकळी, स्वच्छ हवा आत घ्या."

प्रेमलाने श्वास घेतला तर खिडकीतून गावालगतच्या कारखान्यांचा सडक्या अंड्यासारखा वास आत आला. आणि हात? तो पोटापासून वीतभर वरच थांबला. त्या पोटाला शिवायचीच तिला किळस वाटत होती. मनात म्हणाली, 'कसलं डोंबलाचं प्रेम!' आणि फोन पालथा टाकला.

तरी शुक्रवारी पुन्हा बसली, कारण घरात दुसरं कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. चौथ्या वर्गाला मासवणची नवसी बोलली. तिच्या पाड्यात रेंज नसायची, म्हणून ती टेकाडावर जाऊन, पळसाखाली बसून वर्ग करायची.

"बाय, मी खोटा नाय सांगणार. मना पोटावर हात ठेवाया किळस येते."

प्रेमलाच्या तोंडून आपसूक निघालं, "मला पण. माजी मलाच घाण वाटते."

मग एकेक बाई बोलू लागली. मेघालीने कुणाला समजावलं नाही. एवढंच विचारलं, "प्रेमलाताई, ही किळस अंगात कुठे जाणवते?"

"गळ्यात. उलटी अडकल्यासारखी."

"मग आज पोट राहू दे. हात गळ्याशी ठेवा. ती घालवायची नाही, नुसती तिथे आहे म्हणून बघायची." आणि पुढे म्हणाली, "लघवीचं डॉक्टरांना सांगितलंत का? शेकानंतर असं होतं. त्यावर उपाय आहेत."

प्रेमलाने सांगितलंच नव्हतं. लाजेने वर्षभर गिळून बसली होती.

पुढच्या मंगळवारी कृष्णकांतला सेकंड शिफ्ट होती, तो सकाळी घरी होता. वर्ग चालू असताना प्रेमला उशी आणायला उठली, आणि कृष्णकांत फवाऱ्याचा डबा घेऊन आला. फुसफुस, फुसफुस. फोनचा कॅमेरा चालू होता. आठही चौकटी बघत होत्या.

नवसीने विचारलं, "बाय, तो मच्छर मारतं काय?"

"नाय," प्रेमला म्हणाली. "माजा वास मारतात."

बोलली आणि तिची तिलाच लख्ख जाणीव झाली की गळ्यात आलेली किळस या वेळी स्वतःची नव्हती. हा माणूस सत्तावीस वर्षं रंगाच्या कंपनीत होता. त्याचे पिवळे-जांभळे कपडे तिने हाताने धुतले होते, उशीला बसलेला त्याचा उग्र दर्प रोज रात्री सोसला होता. कधी नाकाला पदर लावला नव्हता.

"आवाज बंद कर, बायका ऐकतात," कृष्णकांत कुजबुजला.

"ऐकू द्या. कंपनीतून येता तेवा मी कधी तुमच्यावर फवारा मारला? एकदा तरी? तुमची किळस येते हो मला. रोगाची येत नाय एवढी."

तो डबा ओट्यावर ठेवून बाहेर निघून गेला.

त्याने माफी मागितली नाही, तिनेही वाट पाहिली नाही. फवारा मात्र थांबला. प्रेमलाने स्वतःचा पलंग खिडकीपाशी, पुढच्या खोलीत हलवला. तो मागच्या खोलीत गेला. जेवण एकत्र, बोलणं कामापुरतं. पालघरला तपासणीला गेली तेव्हा तिने डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. औषध मिळालं, ओटीपोट आवळायचे व्यायाम मिळाले. तीन महिन्यांत गळणं निम्म्यावर आलं. पोटावर हात आता ठेवते ती. प्रेमाने वगैरे नाही, आजारी शेजारणीच्या खांद्यावर ठेवावा तसा.

वर्ग संपल्यावर ती एकटी एसटीने मासवणला गेली. नवसीने अंगणात खाट टाकली, तिच्यावर आपली गोधडी अंथरली, कोरा चहा दिला. दोघी दुपारभर बोलल्या, खळखळून हसल्यासुद्धा. निघताना प्रेमला उठली आणि सवयीने वळून गोधडीकडे बघू लागली, डाग पडला की काय म्हणून.

तिथे नवसी आधीच मांडी घालून बसली होती.

"बघते काय, बाय? जा, गाडी चुकेल."